पडक्या वास्तू व त्यांची छायाचित्रे

गतवर्षी दिवाळीच्या सुटीत नववीच्या विद्यार्थ्यांस मी एक लहानसे काम सांगितले होते. आपापल्या गावात जी सर्वांत जुनी वास्तू असेल तिचे एक छायाचित्र घ्यावे व तिच्याविषयी दहा ओळी लिहून आणाव्यात, एवढेच ते काम. हल्ली घरोघर मोबाईल फोन असल्यामुळे छायाचित्र घेणे ही पूर्वीसारखी खर्चाची बाब राहिलेली नाही. सुटी संपल्यावर एकतीस छायाचित्रे माझ्या टेबलावर आली. त्यांतील बहुतेक वेशींची, बुरुजांची व देवळांची होती. आणि खरे सांगावयाचे तर पुष्कळांत वास्तूपेक्षा वास्तूपुढे उभा राहिलेला विद्यार्थीच अधिक ठळक होता! एका मुलाने मात्र आपल्या स्वतःच्या घराचे छायाचित्र आणले होते. दगडमातीची भिंत, तिच्यावर माळवद, मध्ये दार व दाराला कुलूप. त्याचे आईवडील दसरा होताच ऊसतोडीस गेलेले. तो व त्याची आजी मागच्या खोलीत राहत. खाली त्याने लिहिले होते, "आमच्या वस्तीत याहून जुने काही नाही." वर्गात थोडा हशा पिकला. मीही, लाज वाटते तरी सांगतो, ते चित्र बाजूस ठेवून पुढच्या बुरुजाकडे वळलो. त्या चित्राकडे पुन्हा का यावे लागले हे पुढे येईलच.

पडक्या वास्तूचे चित्र घ्यावेसे मनुष्यास का वाटते, हा प्रश्न प्रथम विचारात घेण्याजोगा आहे. नव्या इमारतीत सर्व काही झाकलेले असते. पडक्या इमारतीत भिंतीचे पोट, तुळईचे टोक, चुन्याचा थर, कोनाड्यातील काजळी, सारे उघडे पडते. पाहणाऱ्याला ते रम्य वाटते. रम्य वाटण्यात दोष नाही. परंतु केवळ रम्यतेसाठी घेतलेले चित्र बहुधा काहीच सांगत नाही. बुरुजामागे मावळता सूर्य दिसला, वाहवा झाली, संपले. तो बुरूज कोणत्या गावचा, त्याचा कोणता भाग कोणत्या पावसाळ्यात गेला, उरलेला कशाच्या आधारावर उभा आहे, याविषयी ते चित्र मुके असते.

अमेरिकेत या कामास एक निराळे वळण मिळाले. तेथे १९२९ नंतर मोठी मंदी आली व शेकडो वास्तुविशारद बेकार झाले. १९३३ च्या नोव्हेंबरात चार्ल्स पीटरसन नावाच्या एका तरुण सरकारी नोकराने आपल्या वरिष्ठांस एक टिपण लिहिले. हजार बेकार वास्तुविशारदांना दहा आठवडे काम द्यावे आणि त्यांच्याकडून देशातील जुन्या इमारतींची मोजमापे, आराखडे व छायाचित्रे करून घ्यावीत, अशी त्याची सूचना होती. सर्वच इमारती वाचविता येणार नाहीत हे त्याने स्वच्छ कबूल केले होते. त्या जाणार असतील तर निदान नोंद झाल्यावाचून जाऊ नयेत, एवढेच त्याचे मागणे. त्याच्या यादीत सार्वजनिक इमारती व प्रार्थनामंदिरे होतीच, पण धान्याची कोठारे, गिरण्या, पूल, दुकाने आणि शेतावरील आडोशाच्या खोपट्याही होत्या. सूचना त्वरित मान्य झाली व 'हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे' या नावाने ते काम सुरू झाले. तो संग्रह वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. त्यातील कित्येक लाकडी कोठारे केव्हाच जमीनदोस्त झाली. त्यांचे माप मात्र इंचाइंचाने कागदावर राहिले.

आपल्याकडेही हा प्रयत्न झालाच नाही असे नाही, आणि त्याची एक कथा आपल्या मराठवाड्यातीलच आहे. मेजर रॉबर्ट गिल हा सैनिक चित्रकार १८४४ साली अजिंठ्याची भित्तिचित्रे उतरून घेण्यासाठी नेमला गेला. वर्षानुवर्षे लेण्यांच्या अंधारात राहून त्याने मोठमोठ्या तैलचित्रांत त्यांच्या प्रती केल्या. त्या विलायतेस गेल्या, लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या, आणि १८६६ च्या डिसेंबरात तेथे लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक जळून खाक झाल्या. दरम्यान गिलने कॅमेरा हाती घेतला होता. वेरूळ, अजिंठा व आसपासच्या प्रदेशातील वास्तूंची त्याची छायाचित्रे १८६४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली होती. त्या काळच्या छायाचित्रात रंग नव्हता, लेण्यात पुरेसा उजेडही नव्हता. तथापि एका काचेवरून अनेक प्रती निघत असल्यामुळे एका ठिकाणच्या आगीने सर्व नष्ट होण्याचे भय राहिले नाही. जे एकच असते ते एकदाच जळते, हा धडा मला गिलच्या चरित्रातून मिळाला. १८७९ साली तो वारला. भुसावळ येथे त्याची कबर आहे.

पुढे निजाम सरकारने १९१४ साली पुराणवस्तू खाते स्थापन केले व गुलाम याझदानी यांजकडे ते सोपविले. बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता; १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले व १९६० साली आपण महाराष्ट्रात आलो. अंबाजोगाईचा हत्तीखाना, धारूरचा किल्ला, बीड शहरातील पाण्याने वेढलेले कंकालेश्वराचे मंदिर व शहराबाहेरची खजाना विहीर यांची छायाचित्रे आज पुस्तकांतून व इतरत्र मुबलक मिळतात. खजाना विहीर तर आदर्शच होय. १५८२ च्या सुमारास मुर्तझा निजामशहाच्या अमदानीत सलाबतखानाने ती बांधविली. जमिनीखालच्या नळांतून तिचे पाणी शेतांपर्यंत पोहोचविण्याची तिची योजना पाहावयास लोक दुरून येतात. या मोठ्या वास्तूंची काळजी मला तितकीशी वाटत नाही. मला काळजी वाटते ती ज्यांच्यापुढे कोणताही फलक नाही अशा वास्तूंची: गढी, वाडा, गावची बारव आणि साधे माळवदाचे घर.

गढीचेच पाहा. आपल्याकडे गावाची जागा ती पांढरी व शेतजमीन ती काळी. देशमुख-पाटलांच्या गढ्या पांढऱ्या मातीच्या; खाली घडीव दगडाचा पाया, वर पुरुष-दोन पुरुष रुंदीची मातीची भिंत व कोपऱ्यांवर बुरूज. अशी भिंत नीट राखली तर शतकानुशतके टिकते. तिचा माथा मात्र कोरडा राहिला पाहिजे. माथ्यावरचा लेप गेला की पाणी आत शिरते, मातीचा लगदा होतो, आणि वरून खाली घळी पडतात. जहागिरी १९४९ साली संपल्या, पाठोपाठ वतनेही गेली. ती जाणे न्यायाचेच होते, त्याविषयी मला तिळमात्र खेद नाही. परंतु दरसाल माथा लिंपणारे हातही त्याबरोबर गेले. नंतर गावानेच गढीची माती नेली. पांढरी माती घरास लिंपावयास, माळवदावर घालावयास, शेतात टाकावयास उत्तम. ज्या गढीने कधी काळी गावाकडून सारा उकळला ती अशा रीतीने टोपलीटोपलीने गावात परत गेली, असे एका वृद्ध शेतकऱ्याने मला हसत हसत सांगितले. याला नासधूस म्हणावे की हिशेब, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही.

बारवांची गोष्ट निराळी. त्या पडल्या नाहीत, विसरल्या गेल्या. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरींचे पाणी गावोगाव आले व पायऱ्या उतरून पाणी भरण्याची गरज उरली नाही. ज्या जागेची गरज उरत नाही तेथे कचरा पडतो. अलीकडे तरुण मंडळी ठिकठिकाणी बारवांतील गाळ काढीत आहेत. गाळ काढण्यापूर्वीचे एक छायाचित्र अवश्य घेऊन ठेवावे, अशी माझी त्यांस विनंती आहे. निखळलेला दगड मूळचा कोठला हे पुढे त्यावरूनच कळते.

आता माळवद. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे वा फळ्या, त्यांवर पाला, व सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. मध्ये उजेडासाठी साणे. उन्हाळ्यात असे घर सिमेंटच्या स्लॅबपेक्षा पुष्कळ थंड राहते. दोष एकच, पण मोठा. दर वर्षी मृगापूर्वी गळती थांबविण्यासाठी वर नवी माती घालतात, जुनी काढीत नाहीत. त्यामुळे छत वर्षावर्षाने जड होत जाते. भिंतीची रचनाही समजून घेतली पाहिजे. बाहेरून ती एक जाडजूड भिंत दिसते, वस्तुतः त्या दोन भिंती असतात. आत एक, बाहेर एक, आणि मधल्या पोकळीत कपच्या व माती. या दोन अंगांना जोडणारे लांब आरपार दगड चांगला गवंडी मधून मधून घालतो. ते नसले व मधल्या मातीत पाणी मुरले की दोन्ही अंगे एकमेकांस सोडतात आणि बाहेरचे अंग पुढे येते. यालाच आपण भिंतीने पोट सोडले असे म्हणतो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली; त्यांतील फार मोठी संख्या अशाच घरांखाली सापडलेल्यांची होती. आपल्या जिल्ह्यातही त्या पहाटे लोक अंगणात धावले होते. तुमच्या आईवडिलांस विचारा, त्यांस ती पहाट आठवत असेल. तेव्हापासून दगडी घराविषयी मनात भय बसले. ज्यांची ऐपत होती त्यांनी स्लॅबची घरे बांधली. ज्यांची नव्हती ते माळवदाखालीच राहिले, मात्र डागडुजीवर पैसा घालण्याची इच्छा गेली. म्हणजे जे घर जपावयास हवे होते तेच सर्वांत अधिक उपेक्षित झाले.

आता त्या कुलूप लावलेल्या घराकडे येतो. नाताळापूर्वी सर्व चित्रे वहीत चिकटविताना ते पुन्हा हाती आले. मुलाने ते सकाळी लवकर घेतले असावे. ऊन भिंतीच्या अंगावरून तिरके गेले होते आणि दाराच्या उजव्या बाजूस, कमरेच्या उंचीवर, एक लांबट सावली पडली होती. सपाट भिंतीवर अशी सावली पडण्याचे काही कारण नाही. माझ्या मनात आले, हे पोट तर नव्हे? परंतु खात्री देता येईना. कारण कॅमेरा वर किंवा खाली कलला की चित्रातील सरळ भिंतही कललेली दिसते. भिंत कलली की कॅमेरा कलला, हे एका चित्रावरून सांगणे कठीण.

मी त्यास म्हणालो, "बाळ, संक्रांतीस त्याच जागी उभा राहून पुन्हा चित्र घे, आणि या वेळी भिंतीपुढे ओळंबा सोड." शेजारच्या गवंडीमामांकडून त्याने ओळंबा मागून आणला, वळचणीच्या लाकडास बांधला व चित्र घेतले. आमोस संदेष्ट्याच्या दर्शनातील ओळंबा पवित्र शास्त्रात मी कितीदा वाचला असेन. त्याचा उपयोग असा होईल हे मनात आले नव्हते. दोरी सरळ उभी होती. भिंत मध्यावर दोरीपुढे येऊन टेकली होती, आणि वर व खाली तिच्यामागे वीतभर राहिली होती. पहिल्या चित्रात कोनाड्यापाशी जेथे केसाएवढी रेघ होती तेथे आता बोट जाईल एवढी फट होती.

ते चित्र मुलाने फोनवरून सोलापूरकडे कारखान्याच्या तळावर असलेल्या वडिलांस पाठविले. वडिलांनी गवंडीमामांस कळविले. मामांनी येऊन दोन बल्ल्या टेकू म्हणून लावल्या व आजीबाईंची बाज त्या भिंतीकडून काढून शेजाऱ्यांच्या पडवीत नेली. आजीबाई दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत, असे नातू सांगत होता. जूनमध्ये मृगाच्या दुसऱ्या पावसात भिंतीचे बाहेरचे अंग रस्त्यावर आले व पाठोपाठ माळवदाचा कोपरा बसला. कोणास इजा झाली नाही. ज्या मुलाच्या चित्रास वर्ग हसला होता त्याची माफी मी वर्गासमोर मागितली.

या प्रसंगावरून छायाचित्र घेण्याच्या काही रीती ध्यानी आल्या, त्या सांगतो. प्रथम वास्तूभोवती एक फेरी मारावी व फोन खिशातच ठेवावा. नहेम्या यरुशलेमचा पडलेला तट पाहावयास गेला तेव्हा रात्री मोजकी माणसे घेऊन, कोणास काही न सांगता, तट पाहत फिरला. एके ठिकाणी पडझड इतकी होती की त्याच्या जनावरास पुढे जावयास वाट मिळाली नाही. बोलणे त्याने नंतर केले. फेरी झाल्यावर चारही बाजूंचे एकेक चित्र दुरून, फोन सरळ उभा धरून घ्यावे. मग जवळची: सांधा, फट, तुळईचे टोक, पिंपळाचे मूळ. जवळच्या चित्रात फूटपट्टी अथवा निदान एखादे नाणे ठेवावे, नाहीतर भेग बोटाएवढी की हाताएवढी हे कळत नाही. भिंतीचा फुगवटा पाहावयाचा तर सकाळचे किंवा सायंकाळचे तिरके ऊन हवे. दुपारच्या उन्हात सर्व भिंती सारख्याच सपाट व निर्दोष दिसतात. जेथून चित्र घेतले त्या जागेवर खूण ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी पाय त्याच ठिकाणी पडतील. तारीख, गाव व दिशा त्याच दिवशी लिहावी. पडक्या छताखाली किंवा बुरुजाच्या कडेवर मात्र कोणीही जाऊ नये. चित्र न मिळाले तरी चालेल.

आणि विचारल्यावाचून कोणाच्या दाराचे चित्र घेऊ नये. याविषयी अमेरिकेतलेच एक उदाहरण आहे. १९३६ साली वॉकर एव्हान्स हा छायाचित्रकार व जेम्स एजी हा लेखक अलाबामा प्रांतातील हेल काउंटी येथे कापूस पिकविणाऱ्या तीन गरीब कुळांच्या घरी राहिले. फळ्यांच्या भिंती, खुंटीवरची भांडी, मातीची अंगणे, सर्व त्यांनी टिपले. १९४१ साली त्याचे पुस्तक झाले. आरंभी ते फारसे खपले नाही, पुढे जगप्रसिद्ध झाले. एजीने त्या कुटुंबांची खरी नावे लपविली होती व त्यांच्याविषयी त्याला मनापासून आदर होता. तरीही अनेक वर्षांनी पत्रकार तेथे पोहोचले तेव्हा त्या घराण्यांतील काहींनी संताप व्यक्त केला. आमची गरिबी जगास दाखविली, आम्हांस काय मिळाले, असा त्यांचा प्रश्न होता. चित्रे उत्तम आहेत यात संशय नाही, आणि तो प्रश्नही रास्त आहे. आमच्या त्या मुलाच्या घराचे चित्र या अंकात छापण्याची माझी इच्छा होती. त्याच्या वडिलांस विचारले. ते म्हणाले, "सर, नवं घर झाल्यावर दोन्ही शेजारी शेजारी छापा." म्हणून ते चित्र या अंकात नाही, व गावाचे नावही दिलेले नाही.

पालकांस एक विनंती. आपल्या घरी लग्नांची, मौंजींची, बाप्तिस्म्यांची जुनी छायाचित्रे असतील. त्यांत आपण माणसेच पाहतो. या खेपेस माणसांच्या मागे पाहावे. वरातीच्या मागे वेस असते, मांडवामागे वाड्याचा दरवाजा असतो, नवरानवरीच्या पाठीशी गढीचा असा एखादा बुरूज असतो जो आज कोणी पाहिलेला नाही. त्या छायाचित्रांची प्रत आम्ही शाळेत करून घेऊ व मूळ चित्र त्याच दिवशी परत करू. मागे मऊ पेन्सिलीने गाव व साल लिहून द्यावे. शाईने लिहू नये, ती पुढच्या बाजूस उमटते. केज तालुक्यातील एका गढीचा दक्षिणेकडील बुरूज कसा होता हे आम्हांस अद्याप कोठेही मिळालेले नाही. आठवीतील एका मुलीच्या आत्याच्या लग्नातील चित्रात तो असावा असे ती म्हणते. आत्याबाई पुण्यास असतात. होळीला येताना अल्बम घेऊन येणार आहेत.